पहिल्या रसाचा बाप्तिस्मा

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, डोक्यापासून पायापर्यंत नारळाच्या रसाने माखलेली असताना मला कळलं, की मी ख्रिस्ती नाही.

असं एकदम सांगितलं की माझ्या सुना हसतात. पण मला आजही ते आठवलं की हसू येत नाही. आपण जन्मापासून ज्या घरात राहतो ते घर आपलं नव्हतंच, असं कुणी येऊन सांगावं, तसं झालेलं.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीकडे, माजिवड्यापासून आत चालत जायचं. भाताची शेतं, पुढे मिठागरं, आणि मध्ये आमची कौलारू घरं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे इथलेच. शेजारी आगरी, पलीकडे कोळी, आम्ही ख्रिस्ती. जेवण एकच, भाषा एकच, फक्त रविवारी आमची पावलं चर्चकडे वळायची. गावात बावडी एक. शिमगा सरला की तिचं पाणी मचूळ व्हायचं आणि मे महिन्यात तर तोंडात घेववत नसे. प्यायला लांबून हंडे आणायचे.

ही बावडी लक्षात ठेवा. सगळं तिच्यापासून सुरू झालंय.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला नारळाच्या रसाची अंघोळ घालतात. पन्नास-साठ नारळ खवायचे, पाट्यावर वाटायचे, फडक्यात घालून पिळायचे. पहिला पिळा असतो तो घट्ट, सायीसारखा. त्यात पाणी घालत नाहीत. मग चोथ्यावर कोमट पाणी ओतून दुसरा पिळा, तो पातळ. नवरीला पहिलाच लावतात. पातळ रस कालवणाला. नवरीला पातळ रस लावला तर सासरचे चार पिढ्या बोलतील.

माझी अंघोळ मांडवाच्या मागच्या अंगाला चाललेली. मी पाटावर, अंगावर जुनं लुगडं. बायका गाणी म्हणतायत, मधूनच माझ्या नवऱ्यावरून टोमणे मारतायत. नवरा ठाकुर्लीच्या पॉवर हाउसमध्ये कामाला होता, म्हणून एकजण म्हणते, "आता हिच्या घरात कंदील नको गो, नवराच पेटतो!" आणि सगळ्या खिदळतायत. पुढल्या दारी घुमट, आमचं मडक्याचं वाद्य, वाजत होतं.

रस ओतायचा पहिला मान माझ्या आत्याचा. बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, तिनेच आम्हाला वाढवलं. आई तिला मोठीबाय म्हणायची. बाळंतपणात हात द्यायला तीच, मयताला अंघोळ घालायला तीच. अंगठाबहाद्दर, पण प्रार्थना सगळ्या तोंडपाठ. तिने तांब्या माझ्या डोक्यावर धरला.

"बाय माजे," ती म्हणाली, "दुसऱ्यांदा ओतते गो तुज्या डोक्यावर. पहिल्यांदा ओतला तवा तू एवढीशी होतीस, निळी पडलेली."

"कधी गं?" कुणीतरी विचारलं.

"हिच्या बाप्तिस्म्याला!"

बायका हसल्या. त्यांना वाटलं म्हातारीची काहीतरी गंमत. पण आत्या रंगात आलेली. तिने सगळं सांगितलं. मी जन्मले तेव्हा रडले नाही, श्वास नाही. फादरला बोलवायला माणूस धाडेपर्यंत पोर जाणार हे दिसत होतं. आमच्यात मूल मरायला टेकलं तर घरचं कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, तशी शिकवणच आहे. घरात पाणी होतं, पण बावडीचं, मे महिन्यातलं.

"त्या खारट, वास मारनाऱ्या पान्यान देवाच्या पोरीला बाप्तिस्मा देऊ?" आत्या म्हणाली. "ज्या पान्यान आमी ढोरं धुतो? मना नाय पटला. चुलीपाशी पहिला रस काढून ठेवलेला, रविवारच्या कालवनाचा. जो नवरीला लावतात तोच. तोच घेतला, तीनदा डोक्यावर ओतला आनि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावान बाप्तिस्मा दिला. आनि काय सांगू, रस हिच्या नाकात गेला, हिनं शिंक दिली आनि लागली रडायला! देवाला आवडला ना तो रस!"

सगळ्या पुन्हा हसल्या. एक सोडून.

आमच्या चर्चच्या ओसरीवर मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या एक टीचर होत्या. वयस्कर, लग्न न केलेल्या, हातात कायम वेताची छडी. गावातल्या प्रत्येकाला प्रार्थना त्यांनीच शिकवलेल्या. त्या कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवत होत्या. त्यांचे हात हवेतच थांबले.

मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्याच क्षणी मलाही आठवलं. लहानपणी छडीच्या धाकाने आम्ही ओरडून ओरडून पाठ केलेलं. बाप्तिस्मा कशाने देतात? पाण्याने. कुठलं पाणी चालतं? विहिरीचं, नदीचं, पावसाचं, समुद्राचं. काय चालत नाही? दूध चालत नाही, तेल चालत नाही, दारू चालत नाही, फळांचा रस चालत नाही. आणि ज्याचा बाप्तिस्मा झाला नाही तो देवाच्या घरातला नाही.

मी हे शंभरदा म्हटलेलं. ओसरीवर, मोठ्याने, सगळ्यांच्या पुढे. स्वतःबद्दलच म्हणत होते की!

टीचर उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि हलक्या आवाजात आत्याला म्हणाल्या, "मोठीबाय, पाणी अजिबात नव्हतं? नंतर तरी?"

"नंतर कशाला? झाला ना बाप्तिस्मा."

"आणि चर्चला नेलं तेव्हा फादरांनी विचारलं नाही?"

"विचारला ना. शब्द काय म्हटलेस, म्हनून दाखव, म्हनाले. मी म्हटले, घडघड. खूश झाले. मंग बाकीचा, जिभेला मीठ नि डोक्याला तेल, त्यांनी केला."

बरोबरच आहे. शब्द चुकतात म्हणून फादर शब्दच विचारतात. काय ओतलंस हे कोण कशाला विचारील? पाण्याशिवाय कोणी काय ओतणार?

रस माझ्या पापण्यांवरून ओघळत होता, आणि मला थंडी वाजायला लागली. मे महिन्यात. आईने माझं तोंड बघितलं, टीचरचं बघितलं, आणि काय ते तिला कळलं. तिने जवळच्या बाईच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"पोरीला चक्कर येतेय," ती मोठ्याने म्हणाली. "उन्हाचं. जरा आत नेते."

आत खोलीत टीचरनी नीट सांगितलं. बाप्तिस्मा नाही, तर त्यानंतरचे संस्कारही नाहीत, पहिला ख्रिस्तप्रसाद झाला नाही, दृढीकरण झालं नाही. उद्याचं लग्नही होणार नाही, कारण चर्चच्या हिशेबाने ते एका ख्रिस्ती मुलाचं आणि एका परक्या मुलीचं लग्न.

परकी! मी! पहाटे भाताच्या बांधावरून चर्चमध्ये मिस्साला धावत जाणारी मी. रात्री झोपताना येशूला दिवसभराचं सगळं सांगणारी, अगदी कोणाशी भांडले, काय चोरून खाल्लं, सगळं. मग मी इतकी वर्षं कोणाशी बोलत होते? तो ऐकत होता, की मी बंद दाराशी बसून बडबडत होते? रडूही येईना.

बाबांना बोलावलं. त्यांनी ऐकलं, आणि खाली बसले. मग एकच गोष्ट केली, ती मला फार शहाणपणाची वाटते. बाहेर जाऊन घुमटवाल्याला म्हणाले, "थांबू नकोस. वाजवत राहा. थांबलास तर लोक विचारतील." आणि माजिवड्याच्या नाक्यावरून टांगा आणायला स्वतः गेले.

टांग्यात आई, आत्या, टीचर आणि मी. मला अंग धुवायलाही वेळ दिला नाही, वरून नुसती चादर गुंडाळलेली. नारळाच्या वासाने माशा आमच्याबरोबर चर्चपर्यंत आल्या. टांगेवाला मागे वळून वळून बघत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, पोरीला काय शिजवायला घेतलीय काय?" एरवी आत्याने त्याला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या असत्या. ती गप्प. तोंडावर एकदम म्हातारपण उतरलेलं.

मला वाटलं, माझ्यामुळे. नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चाललेलं. आईच्याही तेच. त्या दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

फादर आता दुसरे होते, तरुण, वसईकडचे. चर्चच्या मागे बनियनवर उभे राहून कंदिलाच्या काचा पुसत होते. आम्हाला बघून गडबडीने झगा चढवला. टीचरनी सगळं सांगितलं. फादरांच्या हातातली काच पडली नाही एवढंच. त्यांनी ती हळूच जमिनीवर ठेवली.

"नारळाचा रस," ते आत्याकडे वळून म्हणाले. "आई, तो रस कसा काढतात, मला सांगा. मला स्वयंपाकातलं काही कळत नाही."

आत्याऐवजी आईने सांगितलं. पहिला पिळा, दुसरा पिळा.

"पहिल्यात पाणी?"

"थेंबही नाही, फादर."

"आणि तुम्ही कुठला ओतलात?"

आता आत्याने मान वर केली. त्या अवस्थेतही तिचा ताठा गेला नव्हता. "पयला! पातल रस कोन ओतील? देवाच्या लेकराला?"

फादरांनी डोळे मिटले. "पातळ असता तर मी म्हटलं असतं, शंका आहे, पाणी होतं त्यात, कदाचित चालला असेल. पण पहिला म्हणजे..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाळ, तुझा बाप्तिस्मा झालेला नाही."

तोवर टीचर म्हणत होत्या, मी म्हणत होते. फादर म्हणाले तेव्हा ते खरं झालं. मी तिथेच पायरीवर बसले.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "हे आत्ता, या घटकेला होईल. मीठ-तेल तेव्हाच झालंय. राहिलंय ते फक्त पाणी."

टीचर माझ्या कानाशी कुजबुजल्या, "आणि बाप्तिस्म्याने मागची सगळी पापं धुऊन जातात हो. उद्याच्या लग्नासाठी कन्फेशन नको तुला." मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. एवढ्या धक्क्यात हीच एक सोय लागलेली!

मी फादरना विचारलंच, "फादर, मी रोज बोलायचे त्याच्याशी. ते?"

खोटं बोलायचं नव्हतं त्यांना, हे दिसत होतं. मग म्हणाले, "शेजारची मुलं तुमच्या अंगणात येऊन हाक मारतात, तर तुझी आई ओ देते की नाही? आणि तू तर रोज येत होतीस. त्याने कधीच ओळखलं असेल तुला. दार कुठलं, कसं उघडायचं, हे आम्हाला सांगितलंय, म्हणून आम्हाला ते तसंच उघडावं लागतं. पण अंगणात तो येत नाही, असं मला कोणी सांगितलेलं नाही."

मला जरा धीर आला. आणि तेवढ्यात आईने विचारलं.

"आणि माझा बाळ?"

अगदी हळू. टीचरनी चमकून बघितलं. माझ्या पाठचा भाऊ. पावसाळ्यात जन्मला, दिवसभर जगला आणि गेला. त्याला बाप्तिस्मा आत्यानेच दिलेला. म्हणून तर तो चर्चच्या आवारात, आपल्या माणसांत पुरलेला. बाप्तिस्मा न झालेली बाळं तेव्हा आत पुरत नसत. त्यांची जागा कुंपणापलीकडे, खाडीच्या अंगाला. आणि त्यांचे आत्मे, टीचरनीच शिकवलेलं, ना स्वर्गात ना नरकात, कुठेतरी मध्येच, देवाचं तोंड कधीही न बघता.

माझं काय, मी जिवंत होते. माझ्या डोक्यावर पाणी ओतून काम भागणार होतं. त्याच्या डोक्यावर कोण ओतणार?

मला एकदम ते आठवलं. दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, सगळे थडग्यांवर मेणबत्त्या लावायचे आणि आत्या त्या छोट्या थडग्यावर वाटीभर घट्ट नारळाचा रस ओतायची. मुंग्यांची रांग लागायची. आई दर वर्षी चिडायची, "मोठीबाय, हे काय भलतंच?" आणि आत्या उत्तर द्यायची नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारीची एक लहर.

फादर एक पाऊल पुढे आले. त्यांनी आत्याला विचारलं, "त्यालाही नारळाचाच?"

"व्हय."

"पावसाळ्यात तर बावडीचं पाणी चांगलं असतं. मग का?"

"हिला लागू पडला ना," आत्या माझ्याकडे बोट करून म्हणाली. "ही जगली. म्हनून त्यालाबी..."

आईने तिचा दंड धरला, जोरात. "बोला ना. पहिलाच ओतलात ना?"

आणि आत्या, जिला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, ती गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली.

"नव्हता गो पयला! घरात नारल एक होता, त्याचा रस सकालीच कालवनात गेला. नुसता चोथा उरलेला. मी चोथ्यावर तांब्याभर पानी ओतला आनि पिलला. दोनदा पिललेला चोथा, काय निघनार? नुसता पानीच, नारलाचा वास फक्त. तोच ओतला त्याच्या डोक्यावर. पोरीला पयला आनि पोराला चोथ्याचा! म्हनून तो गेला. मना ठाव हाय, म्हनूनच गेला. तवापासून मी त्याला दर वर्साला चांगला नेऊन देते..."

टीचरनी तोंडावर पदर धरलेला. आई आत्याकडे बघत होती, जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतेय.

फादर आत्याच्या समोर जमिनीवर बसले. झग्यासकट, धुळीत.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "पाणी किती?"

"तांब्याभर."

"रंग कसा होता?"

"रंग कुठला? तांदूल धुतलेल्या पान्यासारखा."

"ते डोक्यावरून वाहिलं? शब्द म्हटलेत?"

"सगले म्हटले."

फादरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, झालं, आता हे सांगणार की त्याला तिथून उकरून कुंपणापलीकडे न्यावं लागेल. त्यांनी हात काढले तेव्हा डोळे ओले होते.

"ते पाणीच होतं, आई," ते म्हणाले. "मी तरी त्याला पाणीच म्हणेन. तो आत आहे. आतच राहील. त्याच्याबद्दल पुन्हा कोणी विचारायला यायचं नाही."

आत्याला ते कळलंच नाही. तिला दोनदा सांगावं लागलं. जे ती आयुष्यभर लाजेने लपवत आली, ते पातळ, चोथ्याचं, नवरीला न लावण्यासारखं, तेच देवाला हवं होतं. आणि जे तिने मला अभिमानाने दिलं, ते काही कामाचं नव्हतं.

मग आम्ही आत गेलो. चर्चच्या दाराशी बाप्तिस्म्याचं दगडी कुंड होतं. फादरांनी आत्यालाच माझी धर्ममाता म्हणून उभं केलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातालाही नारळाचा वास येत होता. माझ्या केसांत अजून रस होता, फादरांनी तो कपाळावरून आपल्या रुमालाने स्वच्छ पुसला, दोनदा पुसला, आणि मग पाणी ओतलं. गार. ते मानेवरून पाठीत गेलं आणि मी शहारले.

माझ्या हनुवटीवरून ओघळलेला थेंब आत्याच्या बोटावर पडला. तिने तो सहज जिभेला लावला. आणि तिचे डोळे मोठे झाले.

"खारट हाय," ती म्हणाली.

"बावडीचंच ना," फादर म्हणाले. "चर्चची बावडीही तशीच. मे महिना आहे."

"म्हंजे हाच? हाच चालला असता?"

"हेच, आई."

आत्या त्या कुंडाकडे बघत राहिली. "एवढाच लागत होता देवाला?" ती पुटपुटली. "हा तर घरात होता. दारात होता."

निघताना आई टांग्याकडे न जाता आवारातल्या थडग्यांकडे वळली. छोट्या थडग्यापाशी उभी राहिली. आत्या फाटकातच थांबलेली, आत यायचा धीर होईना. आईने मागे वळून हाक मारली, "या ना. तुम्हीच तर आणलंत त्याला इथे."

आत्या गेली. दोघी शेजारी उभ्या राहिल्या, मी चादर लपेटून मागे. दुरून आमच्या गावाकडून घुमटाचा आवाज येत होता, बाबांनी खरंच थांबू दिलं नव्हतं. माझ्या ओल्या केसांवर पुन्हा माशा बसल्या. आईने त्या हाकलल्या, आणि मग आत्याचा हात हातात घेऊन म्हणाली,

"मोठीबाय, येत्या नोव्हेंबरात नुसती मेणबत्ती आणा. मुंग्या नका बोलावू आता त्याच्याकडे."